तेलाचा भाव आणि तेलाचे मोल

२० एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. विकणाऱ्याने तेलही द्यायचे आणि वर पिंपामागे जवळपास ३८ डॉलरही मोजायचे, असा तो भाव होता. त्याच दिवशी त्याच तेलाचा जून महिन्याचा वायदा २० डॉलरच्या वर होता आणि उत्तर समुद्रातले ब्रेंट तेल २५ डॉलरच्या वर.

यात गूढ काही नव्हते. अमेरिकी वायदा प्रत्यक्ष मालाचा असतो. एक सौदा म्हणजे १,००० पिंपे, आणि माल ताब्यात घ्यायचा तो ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग या गावी. मे वायद्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. ज्यांनी केवळ भाव चढेल म्हणून खरेदी केली होती, त्यांच्याकडे तेल ठेवायला जागा नव्हती. कुशिंगच्या टाक्यांत साडेसात कोटी पिंपांच्या आसपास तेल मावते. त्या काठोकाठ भरल्या नव्हत्या, पण उरलेली जागा आधीच भाड्याने गेली होती. गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, त्यामुळे जहाजात तेल भरून ठेवण्याची सोय नाही. विहीरमालकालाही पंप बंद करणे सोपे नव्हते. जुनी विहीर थांबवली की नळीत मेण धरते, भोवतालचे पाणी वर चढते, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिल्याइतके तेल येईलच याची खात्री नसते.

तो भाव खोटा होता असे मला वाटत नाही. ‘उद्या कुशिंगमध्ये रिकामी टाकी कोणाकडे आहे?’ या प्रश्नाचे ते चोख उत्तर होते. तेलाचे मोल काय, हा प्रश्न त्या दिवशी बाजाराला कोणी विचारलाच नव्हता. एरवीही तो विचारला जात नाही. बाजारभाव सांगतो ते इतकेच की या महिन्यात, या ठिकाणी, या प्रतीच्या तेलाचे शेवटचे पिंप किती डॉलरला खपेल. हे कळणे फार उपयोगाचे आहे. चूक होते ती पुढे. सरकारे, बँका, नियोजनकार आणि आपण सगळेच हा आकडा तेलाचे मोल म्हणून वापरतो आणि त्यावर वीस-तीस वर्षांचे निर्णय बेततो.

हा आकडा किती लहान पायावर उभा असतो ते पाहण्यासारखे आहे. जगात दिवसाला १० कोटी पिंपांहून अधिक तेल खपते. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा मोठा हिस्सा ज्या ब्रेंट भावाला बांधलेला आहे, तो भाव ठरतो उत्तर समुद्रातल्या पाच जातींच्या तेलावर: ब्रेंट, फोर्टीज, ओसेबर्ग, एकोफिस्क आणि ट्रोल. या पाचांचे उत्पादन आटत गेले म्हणून २०२३ पासून टेक्सासचे मिडलंड तेलही त्यात धरू लागले. लंडनच्या घड्याळात दुपारी साडेचारला संपणाऱ्या अर्ध्या तासात कोण कितीला घ्यायला आणि द्यायला तयार आहे, यावरून त्या दिवसाचा प्रत्यक्ष मालाचा भाव जाहीर होतो. एकेक खेप सात लाख पिंपांची असते आणि कित्येक दिवशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सौदे होतात. त्या मोजक्या सौद्यांवरून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या तेलाचा हिशेब होतो. दाट तेलाला वजावट, जास्त गंधकाला वजावट, लांबच्या बंदराला वजावट.

या वजावटी कधी कधी मूळ भावालाच गिळतात. २०१८ च्या शरद ऋतूत कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताचे दाट तेल अमेरिकी तेलापेक्षा ४० डॉलरहून अधिक स्वस्त झाले आणि नोव्हेंबरात १५ डॉलरच्याही खाली गेले. ते तेल रातोरात निकृष्ट झालेले नव्हते. उत्पादन वाढले होते आणि ते बाहेर नेणाऱ्या नळवाहिन्या तेवढ्याच होत्या. प्रांताच्या सरकारने १ जानेवारी २०१९ पासून उत्पादनात दिवसाला सव्वातीन लाख पिंपांची कपात लादली आणि फरक झपाट्याने आटला.

दुसरी अडचण मागणीच्या स्वभावात आहे. ट्रक, विमान, जहाज, घर तापवणारी भट्टी ही यंत्रे एकदा घेतली की दहा-वीस वर्षे चालतात. तेल महागले म्हणून महिन्याभरात कोणी इंजिन बदलत नाही. त्यामुळे अल्पकाळात भाव चढला तरी खप फारसा हलत नाही. भाव एक टक्का चढला की खप किती टक्के घटतो, या मापाला अर्थशास्त्रात मागणीची लवचीकता म्हणतात. ती ०.०५ धरली, तर पुरवठ्यात ३ टक्के तूट पडली की खप तेवढाच खाली आणायला भाव ६० टक्के चढावा लागतो. जादा माल आला की हेच उलट्या दिशेने होते. जुलै २००८ मध्ये तेल १४७ डॉलरला टेकले आणि त्याच डिसेंबरात ३५ डॉलरच्या खाली आले. सहा महिन्यांत तेलाचा उपयोग तिपटी-चौपटीने घटला नव्हता. बाजारातला थोडासा तुटवडा जाऊन थोडासा आधिक्याचा काळ आला होता. काट्याला एवढे हेलकावे बसत असतील, तर त्यावरचे एखाद्या दिवशीचे वजन मोल म्हणून लिहून ठेवणे धोक्याचे.

यावर कोणी म्हणेल, काटा हलतो म्हणून काय झाले, दीर्घ काळात तो मुक्त बाजाराच्या खऱ्या किमतीवर स्थिरावतोच. तेलाचा इतिहास मात्र या म्हणण्याला साथ देत नाही. ऑक्टोबर १९३० मध्ये पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड साठा सापडला. अमेरिकी कायद्यानुसार जमिनीखालचे तेल जो आधी उपसेल त्याचे, मग ते शेजाऱ्याच्या जमिनीखालून वाहत आलेले का असेना. ज्याच्या हाती ससा तो पारधी. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या आधी उपसायची घाई केली आणि विहिरींची दाटी झाली. वर्षभरापूर्वी डॉलरच्या आसपास असलेला भाव १९३१ मध्ये तिथे पिंपाला १० सेंटांच्या आसपास घसरला. भावापेक्षाही मोठे नुकसान जमिनीखाली होत होते. तिथले तेल खडकात बाजूने रेटा देणाऱ्या पाण्याच्या दाबावर वर येत असे. उपसा बेताचा असेल तर पाणी सारखेपणाने पुढे सरकते आणि तेल विहिरीकडे ढकलते. घाईने उपसले की दाब कोसळतो, पाणी सैल वाट शोधून थेट विहिरीत शिरते आणि बरेच तेल खडकाच्या छिद्रांत कायमचे अडकून राहते. ऑगस्ट १९३१ मध्ये राज्यपालांनी तिथे सैनिक पाठवून विहिरी बंद करवल्या. पुढची चार दशके टेक्सासचे रेल्वे आयोग (नाव रेल्वेचे, पण तेलाच्या उपशावरही त्याचेच नियंत्रण) दर महिन्याला कोणी किती उपसायचे ते ठरवत होते.

पूर्ण मोकळ्या स्पर्धेचे हे प्रत्यक्ष चित्र आहे. त्यानंतर तेलाचा भाव कोणी ना कोणी धरूनच ठेवला आहे. आधी मोठ्या कंपन्यांनी आपसातल्या समजुतीने, मग टेक्सासच्या आयोगाने, मग तेल उत्पादक देशांनी. ऑगस्ट १९६० मध्ये कंपन्यांनी देशांना न विचारता जाहीर भाव उतरवला आणि सप्टेंबरात बगदादमध्ये पाच देशांनी ओपेकची स्थापना केली. १९७३-७४ च्या हिवाळ्यात ३ डॉलरचे तेल साडेअकरा डॉलरच्या वर गेले. एप्रिल २०२० मध्ये रशियासह या देशांनी दिवसाला ९७ लाख पिंपांची कपात ठरवली. आजही सौदी अरेबियात एक पिंप वर काढायचा खर्च ३ डॉलरच्या आसपास आहे, तर अमेरिकेत शेल नावाच्या घट्ट खडकातल्या नव्या विहिरीचे गणित साधारण ६५ डॉलरला जुळते. स्वस्त तेल जमिनीत राखून महाग तेल आधी उपसले जाते, कारण भाव टिकवण्यातच स्वस्तवाल्याचे हित आहे. या भावाला खर्चाचा आरसा म्हणता येत नाही आणि स्पर्धेचा निवाडाही म्हणता येत नाही.

तेल कवडीमोलाने विकले जाते हे पटवण्यासाठी एक गणित नेहमी मांडले जाते. एका पिंपात, म्हणजे १५९ लिटरांत, साधारण १,७०० युनिट ऊर्जा असते. इंजिनातून तिचा चौथा हिस्सा कामी आला तरी सव्वाचारशे युनिट होतात. माणूस दिवसभर राबून जेमतेम ०.६ युनिट काम करतो. म्हणजे एक पिंप सातशे दिवसांच्या अंगमेहनतीइतके. आकडे बरोबर आहेत, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही. पाण्यावाचून माणूस मरतो आणि हिऱ्यावाचून मरत नाही, तरी हिरा महाग का, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न आहे. उत्तर असे की भाव एकूण उपयोगावर ठरत नाही, शेवटच्या नगाच्या उपयोगावर ठरतो. तेल आपल्याला भावापेक्षा कितीतरी जास्त देते हा ग्राहकाचा फायदा आहे, त्यात फसवणूक नाही. भाकरी, मीठ आणि साबण यांच्याबाबतही हेच खरे आहे. सातशे दिवसांच्या मजुरीची तुलना आपण किती अवलंबून आहोत ते सांगते, पिंपाची योग्य किंमत किती ते सांगत नाही.

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. पिंप विकत घेणारा आणि विकणारा यांच्या व्यवहारात न बसलेल्या तिसऱ्या माणसाच्या माथी जो खर्च येतो, तो भावात कुठेच नाही.

एक पिंप तेल पूर्ण जाळले की साधारण ४३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका टनाने होणारे नुकसान किती, यावर वाद आहे. अमेरिकी सरकारने २०२१ मध्ये टनाला ५१ डॉलर धरले होते. तिथल्याच पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये १९० डॉलर धरले. पहिल्या आकड्याने पिंपामागे २२ डॉलर होतात, दुसऱ्याने ८२. हा फरक बघून हिशेबच निरर्थक आहे असे म्हणणारे भेटतात. पण या दोहोंतल्या कमी हिशेबातही २२ येतात, आणि बाजारभावात धरलेला आकडा शून्य आहे. अनिश्चित आकड्याच्या जागी शून्य लिहिणे हा सावधपणा नव्हे, कारण सगळ्या अंदाजांत तोच सर्वांत चुकीचा आहे.

पिंपापिंपातला फरकही भावाला दिसत नाही. तेलाबरोबर वर येणारा वायू गोळा करायला नळ आणि दाबयंत्रे लागतात. ती नसली तर वायू विहिरीच्या तोंडाशीच पेटवून देतात. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये असा १४८ अब्ज घनमीटर वायू जाळला गेला. अल्बर्टाच्या खोल वाळूतले डांबरासारखे तेल वाहते करण्यासाठी जमिनीत वाफ सोडावी लागते. एका पिंपासाठी अडीच-तीन पिंपे पाण्याची वाफ, आणि ती करायला साधारण २८ घनमीटर नैसर्गिक वायू. म्हणजे मिळणाऱ्या ऊर्जेच्या सहाव्या हिश्शाइतकी ऊर्जा आधीच चुलीत गेलेली असते. घनता आणि गंधक यांवरून भाव हलतो. ज्वाळेवरून किंवा वाफेवरून तो एका सेंटानेही हलत नाही.

सर्वांत स्पष्ट दिसणारा आणि सर्वांत सहज टाळला जाणारा खर्च मात्र विहीर बुजवण्याचा. तेल संपले की विहिरीच्या तोंडावर झाकण लावून भागत नाही. आधी आतली उत्पादन नळी उपसून काढायची. ज्या थरातून तेल येत होते तिथल्या भोकांवर सिमेंटचे बूच बसवायचे. गोड्या पाण्याचे थर जिथे आहेत तिथे पुन्हा सिमेंट, जमिनीलगत पुन्हा एकदा. मग बाहेरचा पोलादी नळ जमिनीखाली मीटर-दोन मीटरवर कापून त्यावर पत्रा वेल्ड करायचा आणि माती सारखी करायची. कागदावर हे आठवड्याचे काम आहे. प्रत्यक्षात पन्नास वर्षांची गंजलेली नळी ओढताना मध्येच तुटते आणि तुटका भाग आकड्यांनी शोधून काढण्यात दिवस जातात. पोलादी नळ आणि खडक यांच्या मधल्या जुन्या सिमेंटला केसाएवढ्या भेगा गेलेल्या असतात. आत कितीही बुचे बसवली तरी त्या भेगांतून मिथेन बाहेरून वर चढतो. मग नळाला पुन्हा भोके पाडून दाबाने सिमेंट मागे ढकलावे लागते आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो.

हे पैसे कोण देतो? विहीर जोरात चालू असताना ती मोठ्या कंपनीकडे असते. उत्पादन आटले की ती लहान कंपनीला विकली जाते, त्यानंतर आणखी लहान कंपनीला. शेवटच्या मालकाचे दिवाळे निघते आणि विहीर सरकारच्या गळ्यात पडते. हे टाळण्यासाठी अनामत ठेव घेण्याची पद्धत आहे. पण अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या एका भाडेपट्ट्यासाठी किमान ठेव १९६० मध्ये १०,००० डॉलर ठरली आणि २०२४ पर्यंत तेवढीच राहिली. एका भाडेपट्ट्यावर अनेक विहिरी असू शकतात. २०२४ च्या नियमाने ती १,५०,००० डॉलर केली. दरम्यान सोडून दिलेल्या तेल-वायू विहिरींची संख्या त्या देशात ३० लाखांच्या वर गेली आहे. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बुजवलेल्या नाहीत, आणि २०२१ मध्ये बेवारस विहिरींसाठी ४७० कोटी डॉलर करदात्याच्या खिशातून काढावे लागले. या विहिरींतून निघालेले प्रत्येक पिंप ज्या दिवशी विकले गेले, त्या दिवशी त्याचा भाव अपुरा होता. बिल साठ वर्षांनी आले एवढेच.

अपघाताचा खर्चही असाच माणसे आणि ठिकाण बघून कमी-जास्त वसूल होतो. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तरंगत्या मंचावर स्फोट होऊन ११ कामगार मेले. न्यायालयाने सांडलेले तेल ३१ लाख ९० हजार पिंपे धरले. दंड, भरपाई आणि सफाई मिळून कंपनीला ६५ अब्ज डॉलरहून अधिक मोजावे लागले. सांडलेल्या दर पिंपामागे २० हजार डॉलर झाले. नायजेरियाच्या ओगोनीलँडमध्ये दशकानुदशके तेल सांडत राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये तपासले तेव्हा एका वस्तीच्या पिण्याच्या विहिरीत बेंझीन सुरक्षित मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक निघाले. हा प्रदेश पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षे लागतील असा त्यांचा अंदाज होता. तिथल्या तेलाला भाव चांगलाच मिळत होता, कारण ते हलके आणि कमी गंधकाचे आहे.

उरतो काळाचा प्रश्न. अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ मध्ये मांडले की संपणाऱ्या खनिजाचा मालक आज उपसायचे की राखायचे याचा विचार व्याजदराशी तुलना करून करील, आणि त्यामुळे खर्च वजा जाता उरणारा भाव व्याजाच्या गतीने चढत जाईल. विचार सुंदर आहे, पण तेलाचे भाव तसे चढलेले नाहीत. ते चढले असते तरी पुढच्या पिढीचे हित त्यात किती आले असते? ५ टक्के दराने वटाव केला, म्हणजे पुढच्या रकमेची आजची किंमत काढली, तर ५० वर्षांनंतरचे १०० डॉलर आज पावणेनऊ डॉलरला उतरतात. १० टक्क्यांनी एका डॉलरपेक्षाही कमी. पन्नास वर्षांनी ज्याला औषधाच्या रसायनासाठी किंवा विमानासाठी तेल लागेल तो आजच्या लिलावात बोली लावू शकत नाही. त्याच्या वतीने जो दर लावला जातो तो आजच्या गुंतवणूकदाराच्या घाईचा असतो.

‘मोल बाजाराने ठरवायचे नाही तर कोणी, सरकारने?’ या प्रश्नाला बगल देता येणार नाही. सरकारी भाव बहुधा वाईट असतात. इंधन स्वस्त ठेवणाऱ्या तेलसंपन्न देशांत तस्करी आणि उधळपट्टी बोकाळते, हे वारंवार दिसले आहे. म्हणून भाव बाजारालाच ठरवू द्यावा, फक्त त्यातून वगळलेले खर्च आधी त्यात घालावेत. हे जमते का? नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर लावला. तिथल्या स्लाइपनर क्षेत्रातल्या वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता आणि विक्रीसाठी तो अडीच टक्क्यांवर आणावा लागे. वेगळा काढलेला वायू हवेत सोडणे हा रिवाजच होता. कर लागल्यावर हिशेब उलटला आणि १९९६ पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला जाऊ लागला. अभियंत्यांना तंत्र आधीही जमले असते, त्याला भाव नव्हता.

पंपावरचा कर हे काम करतोच, असे सांगितले जाते. काही देशांत तो खरोखर मोठा आहे. पण तो रस्त्यांसाठी आणि तिजोरीसाठी लावलेला असतो, हानीच्या मापाने नव्हे. म्हणून पुष्कळ ठिकाणी डिझेलवर पेट्रोलपेक्षा कमी कर असतो, आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनावर जवळपास नसतोच, आणि समुद्रात धावणाऱ्या जहाजांच्या इंधनावरही नसतो. कर लावायचा तर तो विहिरीच्या तोंडाशी किंवा बंदरावर, कार्बनच्या वजनावर लावावा. तिथे मोजायची ठिकाणे थोडी असतात आणि पळवाटाही कमी. जळणाऱ्या ज्वाळा उपग्रहातून मोजता येतात, त्यांचा कर त्याच पिंपांवर बसवावा. विहीर बुजवण्याची पूर्ण रक्कम पहिल्या वर्षापासून दर पिंपामागे बाजूला काढून घ्यावी, विहीर जोमात असतानाच. विहीर विकली तरी आधीच्या मालकाची जबाबदारी सुटू नये. कराचा भार गरिबावर जास्त पडतो हा आक्षेप खरा आहे, म्हणून जमा झालेली रक्कम माणशी सारखी वाटून परत द्यावी. कमी जाळणाऱ्याच्या हाती मग वर पैसे राहतात.

आणि हिशेबाच्या वह्या दुरुस्त कराव्यात. तेल उपसून विकले की ते देशाच्या उत्पन्नात जमा होते. दुकानदाराने दुकानातली फडताळे विकून त्याला नफा म्हणावे तसे ते आहे. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची नवी पद्धत स्वीकारली. तिच्यात खनिज संपण्याची घट यंत्राच्या घसाऱ्याप्रमाणे उत्पादनाचा खर्च म्हणून धरली आहे. पण ही वजावट दिसते ती निव्वळ उत्पादनात. वर्तमानपत्रांत छापले जाते आणि निवडणुकीत मिरवले जाते ते ढोबळ उत्पादन, म्हणजे जीडीपी, आणि त्यात उपसलेले प्रत्येक पिंप अजूनही केवळ कमाई आहे. तेल विकणाऱ्या देशांनी हे दोन्ही आकडे दर तिमाहीला एकाच तक्त्यात, शेजारी शेजारी छापावेत.